गिझरची टाकी सडली, आता पुढे काय? सोलर, हीट पंप की परत गिझरच? (नागपूर)

तर्री_पोहा
नमस्कार मंडळी. थंडी पडायला सुरुवात झाली अन् नेमका आमचा २५ लिटरचा जुना गिझर खालून गळायला लागला. मेकॅनिक पाहून गेला, म्हणे टाकीच आतून सडली, वेल्डिंग करून काही फायदा नाही, नवीनच घ्या. मग घरात विषय निघाला की पैसे लागणारच आहेत तर या वेळी वीज कमी खाणारं काहीतरी घेऊ.
परिस्थिती सांगते. घर मानेवाड्याकडे, दोन मजली. खाली सासूबाई-सासरे, वर आम्ही दोघं अन् कॉलेजात जाणारी दोन पोरं. चौघं जण बादलीनेच आंघोळ करतो, पोरं मात्र शॉवरखाली. पाणी नळाचं पण येते अन् बोअर पण आहे, दोन्ही एकाच टाकीत जाते. गच्चीवर टाकी आहे, बाकी जागा मोकळी, उन्हाळ्यात सासूबाईंचे पापड-कुरड्या तिथेच.
कोटेशन अशी आली आहेत: काचेच्या नळ्यांचं सोलर २०० लिटर ३६ हजार, प्लेटवालं (नळ्यांऐवजी काचेखाली चपटी प्लेट असते ते) ५५ हजार, हीट पंप लाखाच्या बराच पुढे, अन् ५ स्टार गिझर १० ते १२ हजार. सोलरवाला सबसिडी मिळेल असंही म्हणून राहिला. कोणी वापरून पाहिलं असेल तर सांगा, विशेषतः आपल्या नागपूरच्या हिशोबाने, कारण नेटवरचे सगळे लेख पुणे-बंगलोरचे असतात.

झिरो_माईल
ताई, आधी सबसिडीचं. सोलर वॉटर हीटरवरची केंद्राची सबसिडी २०१४ मध्येच बंद झाली. आज जी सबसिडी आहे ती पीएम सूर्यघर योजनेची, फेब्रुवारी २०२४ पासूनची, अन् ती वीज बनवणाऱ्या पॅनलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या हीटरसाठी नाही. दोन्हीला लोक सोलरच म्हणतात म्हणून गोंधळ होतो. कोटेशनवर त्याला लेखी लिहून मागा, लगेच कळेल.
आता हिशोब. १ युनिट विजेत ८६ लिटर पाणी १० अंशांनी तापते, हे पक्कं, कोणत्याही कंपनीचा गिझर असो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी टाकीचं पाणी १८ अंशांच्या आसपास धरू, आंघोळीला ४० लागते. म्हणजे २२ अंश. २० लिटरची बादली म्हणजे अर्धं युनिट. शॉवर मिनिटाला ८ लिटर धरला अन् पोरं सात मिनिटं उभी राहिली तर ५६ लिटर, म्हणजे जवळपास दीड युनिट. चार बादल्या २, दोन शॉवर ३, भांडी-बिंडी अर्धं. साडेपाच युनिट रोजचे.
युनिटला सगळे आकार अन् ड्युटी धरून १२ रुपये पकडले तर ६६ रुपये रोज. आता खरा प्रश्न हा की वर्षातले किती दिवस?

तर्री_पोहा
काका धन्यवाद, शॉवर तीन बादल्यांएवढा पडते हे पोरांना वाचून दाखवलं 🙂 दिवस म्हणाल तर दिवाळीनंतर सुरू होते ते फेब्रुवारी संपेपर्यंत. पावसाळ्यात सासरे कधीमधी घेतात गरम पाणी. मार्चनंतर तर नाहीच.

झिरो_माईल
मग चार महिने, १२० दिवस. ६६० युनिट, साधारण ८ हजार रुपये वर्षाला. ३६ हजाराचं सोलर साडेचार-पाच वर्षांत फिटेल, ५५ हजाराचं सात वर्षांत. बंगलोरला बारा महिने गरम पाणी लागते म्हणून तिथे ते लवकर फिटते. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचा नळ सोडला तर हात पोळते, तिथे आणखी तापवायचं काय?
अन् स्टारबद्दल एक गोष्ट, दुकानात कोणी सांगत नाही. गिझरवरचे स्टार हे तापलेलं पाणी नुसतं पडून असताना किती उष्णता वाया जाते त्याचे आहेत. पाणी तापवायला लागणारी वीज १ स्टारला अन् ५ स्टारला सारखीच. थर्मास भारी आहे म्हणून चहा कमी गॅसवर उकळत नाही, तसंच. ज्यांचा गिझर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते त्यांना ५ स्टारचा खूप फायदा, जे अर्धा तास आधी लावून आंघोळ झाली की बंद करतात त्यांना थोडा.

वाळवण
काकांचा हिशोब बरोबर आहे पण मी सोलरच्या बाजूने बोलते, कारण आमच्याकडे त्रिमूर्तीनगरला प्लेटवालं बरीच वर्षं आहे अन् मला ते काढायचं मनातही येत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश एकदम स्वच्छ असते, ऊन कडक. ज्या महिन्यात गरम पाणी पाहिजे त्याच महिन्यात ते भरपूर देते, संध्याकाळी तर वाफाळतं पाणी येते. वीज गेली तरी पाणी गरमच. अन् बादली भरताना आता बंद करा, बिल येईल असं कोणाला म्हणावं लागत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते फार बरं वाटते. आमची आई गुडघे शेकायला दोन-दोन बादल्या घेते, घेऊ दे म्हटलं.
दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. एक, सगळ्यांनी संध्याकाळीच पाणी संपवलं तर सकाळी कोमट मिळते, म्हणून माणसं पाहून लिटर ठरवा. दुसरं, एप्रिल लागला की प्लेटवर जुनी ताडपत्री किंवा बारदाना टाकून बांधून ठेवायचा, नाही तर पाणी उकळून वरच्या पाइपातून वाफा निघत राहतात.

बेसा_रोड
आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांनी काय करायचं ते पण सांगा कोणीतरी. पाच मजली बिल्डिंग, आम्ही दुसऱ्यावर, गच्ची सोसायटीची, सेक्रेटरी कोणालाच काही लावू देत नाही. मी गॅस गिझरचा विचार करून राहिलो, बाजूच्यांकडे आहे, सिलिंडर दोन-दोन महिने जाते म्हणतात.

फिटिंगवाला_भाऊ
बेसावाले भाऊ, गॅस गिझर बाथरूमच्या आत लावाचा असन तर नका लावू. हात जोडून सांगतो. मी स्वतः आतले काढून बाहेर लावून देल्ले लोकाईच्या घरी. दार बंद, खिडकी बंद, थंडी हाय म्हणून व्हेंटिलेटरले बी कागद लावते लोक, अन् आत गॅस जळत राह्यते.

झिरो_माईल
फिटिंगवाले भाऊ म्हणतात ते अगदी गंभीरपणे घ्या. बंद जागेत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो अन् कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखते, मळमळते, गुंगी येते, आतला माणूस दाराची कडी काढायच्या आधीच पडतो. दर हिवाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात, बऱ्याचदा लहान मुलं किंवा नवीन लग्न झालेली जोडपी असतात, वाचवत नाही. पैशाने तो स्वस्त पडतो हे खरं आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांची उष्णता असते, वाया गेलेली सोडून १४५ च्या आसपास पाण्याला लागते, सिलिंडर ९०० चं धरलं तर युनिट सहा-सव्वासहा रुपयांना पडलं. विजेच्या अर्ध्यात. तरीही तो बाहेरच्या बाल्कनीत, उघड्या हवेतच पाहिजे, अन् तिथून फक्त गरम पाण्याचा पाइप आत. बाल्कनीत जागा नसेल तर विषय सोडून द्या.

बेसा_रोड
जागा ड्राय बाल्कनीत होती, ती आम्ही काचेने बंद केली आहे. मग नकोच. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. हीट पंप बसेल का अशा ठिकाणी?

झिरो_माईल
हीट पंप म्हणजे उलटा फिरवलेला फ्रिज समजा, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. १ युनिट वीज घेऊन ३ युनिटांएवढी उष्णता देतो, हवा उबदार असेल तर जास्तही. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी २७-२८ अंश असते, म्हणून पहाटेऐवजी दुपारी चालवला तर आणखी चांगला चालेल. पण त्याला मोकळी हवा पाहिजे, बंद ड्राय बाल्कनीत त्याचीच थंड हवा तो परत ओढेल. कॉम्प्रेसरचा आवाज आहे. अन् लाखाच्या वर खर्च करून चार महिन्यांत ५ ते ६ हजार वाचवायचे तर मला तरी घरासाठी पटत नाही. हॉस्टेल, दवाखाना, मंगल कार्यालय, जिथे बारा महिने हजार-हजार लिटर लागते तिथे डोळे मिटून घ्यावा.
तुम्ही तिघं असाल तर १५ लिटरचा ५ स्टार गिझर घ्या, थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा. स्मार्ट मीटर लागलं असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे थोडी सवलत मिळते, संध्याकाळी आंघोळ करणारे साडेचारला तापवून ठेवू शकतात. चांगल्या गिझरमध्ये दोन-तीन तासात पाणी फारसं निवत नाही.

पंचमढी_टू_पेंच
३ लिटरचा इन्स्टंट घ्या ना सरळ, पडून राहणारं पाणीच नाही तर वाया जायचं काय.

फिटिंगवाला_भाऊ
इन्स्टंट सिंकले चांगला, बादली आंघोळीले धार एकदम बारीक कराव लागते. ३ किलोवॅटचा राह्यते, जुन्या घरातली वायर गरम होते. वायर ४ स्क्वेअर एमएमची अन् अर्थिंग पक्की पायजे.
आता मानेवाडावाल्या ताईंसाठी. तुमचा गिझर सडला तो बोअरच्या पाण्यानं. आपल्या इकडचं बोअरचं पाणी लय जड, बकेटीवर पांढरा थर बसते तोच आतल्या कॉइलवर बसते. पह्यलं काम हे करा का दोन टाक्या वेगळ्या करा. नळाचं पाणी, पेंच-कन्हानचं, एका ५०० लिटरच्या टाकीत, अन् गरम पाण्याचं जे काही घ्यान, सोलर घ्या का गिझर, त्याले फक्त त्याच टाकीतून लाइन. बोअर संडास, झाडं, फरशीले. टाकी अन् पाइप धरून सात-आठ हजाराचं काम हाय, पण पुढचे सगळे झगडे मिटते.
सोलरच घ्याचं असन तर ऐका. जड पाण्यात प्लेटवाल्याच्या तांब्याच्या बारीक नळ्या चोक होते, साफ करणं कठीण. काचेच्या नळ्या काढून धुता येते. पण आपल्याकडे वानर हाय. गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी त्या पट्ट्यात मी काचेचं लावूनच देत नाही, एका उडीत दोन नळ्या जाते. प्लेटची काच टफन राह्यते, ते टिकते. अन् फेब्रुवारी-मार्चची गारपीट हायेच.
थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर पायजे, नाही तर पाणी चढत नाही, अन् एअर व्हेंटचा, म्हणजे हवा-वाफ बाहेर सोडणारा पाइप थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर. हे न पाहता बसवून देते लोक अन् मग गरम पाणी येत नाही म्हणून बोंब. आणि सोलरपासून निघणारा पह्यला पाइप जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी घ्या, उन्हाळ्यात लय तापते, साधा पीव्हीसी तर वाकूनच जाते. पुढं सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप चालते, वरून काळा फोम गुंडाळाचा.

तर्री_पोहा
भाऊ किती कामाचं सांगितलं. टाक्या वेगळ्या करायचं तर पक्कं करते. एक शंका, सासू-सासरे खाली राहतात. गच्चीपासून त्यांच्या बाथरूमपर्यंत पाइप फिरून फिरून २० मीटर तरी होईल. तेवढं पाणी आधी थंडच येईल ना?

फिटिंगवाला_भाऊ
हो ताई, येणारच. पाऊण इंची पाइपात मीटरले पाव लिटर पाणी राह्यते. २० मीटरले ५ लिटर. सकाळी पह्यल्यानं सोडलं का ५ लिटर थंडं, अन् मागं पाइपात जे गरम राह्यलं ते थंडं होऊन जाते. म्हातारे माणसं एक बादली घेते, त्यात पाव बादली तर हेच. त्याईच्या बाथरूमात छोटा गिझरच बरा, नळाच्या जवळ.

वाळवण
हे मात्र खरं. आमचं बाथरूम सोलरच्या बरोबर खाली आहे म्हणून मला कधी जाणवलं नाही.

झिरो_माईल
ताई, दोन प्रश्न. घरी एसी आहे का? अन् दक्षिणेला उंच काही आहे का?

तर्री_पोहा
एसी वर एक आहे, दोन उन्हाळे झाले. बाकी कूलर. मे महिन्याचं बिल पाहवत नाही, ४५० युनिटच्या पुढे जाते. हिवाळ्यात २०० च्या आत. दक्षिणेला शेजाऱ्यांनी वर एक मजला चढवला, आमच्या गच्चीपेक्षा आठ-नऊ फूट उंच आहे.

झिरो_माईल
मग माझं मत बदललं, अन् ते का ते नीट सांगतो. तुमची खरी महाग वीज उन्हाळ्यात आहे, कारण ३०० युनिटच्या वर स्लॅब बदलतो अन् वरचं प्रत्येक युनिट जास्त दराने लागते. सोलर वॉटर हीटर नेमका त्याच वेळी ताडपत्रीखाली बांधून ठेवलेला असतो. नागपूरकरांनी हे पहिले पाहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटते. आपल्याकडे आठ महिने ऊन वापरायचं ते थंडाव्यासाठी, अन् चार महिने गरम पाण्यासाठी, अन् ही दोन्ही कामं फक्त वीज बनवणारं पॅनल करते.
३ किलोवॅट लावलं तर दिवसाला सरासरी १२ युनिट पकडा. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० अन् ३ किलोवॅटला एकूण ७८,०००. जागा साधारण ३०० चौरस फूट, सावली नसलेली. वर्षाला चार हजारांच्या वर युनिट झाले. उन्हाळ्यात एसी त्यावर, हिवाळ्यात रोजचे साडेपाच युनिट गिझरचे आरामात. नेट मीटर म्हणजे घेतलेली अन् परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, त्यात जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होत जातात, मार्चअखेर हिशोब मिटतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत बनलेली वीज जानेवारीच्या आंघोळीला कामी येते. सबसिडी वजा जाता तुमच्या खिशातून जे जाईल ते त्या हीट पंपाच्या कोटेशनच्या जवळपासच असेल, तीन कोटेशन घेऊन पाहा.
सावलीचं असं, की २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा आपल्याकडे सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे भिंत जेवढी उंच तेवढीच लांब सावली, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. नऊ फुटांची भिंत असेल तर दक्षिणेकडचे १५ फूट तरी सोडून द्या.

वाळवण
काका, पण साध्या पॅनलवर वीज गेली की तेही बंद. अन् मी कुठेतरी वाचलं होतं की ऊन वापरायच्या बाबतीत वॉटर हीटर पॅनलपेक्षा कितीतरी पुढे आहे.

झिरो_माईल
दोन्ही बरोबर. नेट मीटरचं पॅनल लाइन गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होते. अन् प्लेट पडलेल्या उन्हातलं निम्म्याच्या आसपास पाण्यात उतरवते, पॅनल २० टक्क्यांच्या आसपासच. ज्यांची गच्ची लहान आहे, एसी नाही अन् बाथरूम गच्चीच्या खालीच आहे, म्हणजे तुमचंच घर, त्यांनी हीटरच घ्यावा. तुम्ही घेतला तो निर्णय तुमच्या घराला चोख बसतो.

तर्री_पोहा
आज सासऱ्यांसोबत गच्चीवर टेप घेऊन गेले. दक्षिणेचे १५ फूट सोडून, टाकी सोडून, उत्तरेकडे सव्वातीनशे चौरस फूट निघते. पॅनलचा स्टँड उंच करून घेतला तर खाली सासूबाईंच्या खाटा बसतील, त्यांचा तोच एक आक्षेप होता. मग असं ठरवून राहिलो आम्ही:
खाली १५ लिटरचा ५ स्टार गिझर आत्ता लगेच, कारण थंडी थांबणार नाही. वर पण १५ लिटरचाच, २५ चा नको. पोरांच्या शॉवरला कमी पाण्याचा हेड. दोन टाक्या वेगळ्या. अन् पॅनलचा अर्ज या महिन्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या आधी लागून जाईल. वीज कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे ते चालेल ना?

झिरो_माईल
चालेल, अर्ज त्यांच्याच नावाने करा अन् बँक खातंही त्यांचंच द्या, सबसिडी बसवून झाल्यावर खात्यात येते. घर त्यांच्या नावावर आहे हे कागद जवळ ठेवा. पॅनल भारतात बनलेल्या सेलचे पाहिजेत, तरच सबसिडी, बिलावर तसं लिहून घ्या. अन् वेंडर योजनेच्या पोर्टलवरच्या यादीतला आहे का ते आधी पाहा.

फिटिंगवाला_भाऊ
ताई, गिझर घेताना काच-कोटिंगची टाकी पाहा, अन् आत मॅग्नेशियमचा रॉड राह्यते, त्याले अॅनोड म्हणते. जड पाणी पह्यले त्या रॉडले खाते, टाकीले नाही. तो रॉड दीड-दोन वर्षांनी बदलाचा, पाच-सहाशे रुपयात होते. तुमच्या जुन्या गिझरचा कोणी बदललाच नसन, म्हणून टाकी गेली. अन् सेफ्टी वॉल्व्हचा पाइप बंद नका करू, थेंब थेंब पडते म्हणून लोक बूच मारते त्याले.

बेसा_रोड
अॅनोड नवीन ऐकलं. भाऊ, सहा वर्षांचा गिझर आहे, आता बदलला तर चालेल का?

फिटिंगवाला_भाऊ
खोलून पाहा लागन. रॉडचा नुसता तार उरला असन अन् टाकी बाहेरून कोरडी असन, गळत नसन तर बदला, अजून चालन. पाण्यात लालसर गंज येत असन तर नवीनच घ्या. खोलाच्या आधी मेन स्विच बंद करा, नुसता बटन बंद करून होत नाही.

तर्री_पोहा
रविवारी टाकीचं काम सुरू करते. भाऊ, नळाची टाकी जुन्या टाकीच्या बाजूलाच, त्याच उंचीवर ठेवली तर खालच्या गिझरला प्रेशर पुरेल ना?

फिटिंगवाला_भाऊ
पुरते ना, खालच्या मजल्याले दोन मजल्याचा दाब भेटते. वरच्या बाथरूमच्या शॉवरले कमी पडन, टाकीचा स्टँड चार-पाच फूट तरी वर घ्या. अन् आउटलेट टाकीच्या तळापासून दोन-तीन इंच वर काढा, गाळ गिझरमध्ये नाही येणार.